मलमाचा हुकूम

"ईस्टरपर्यंत हात बरे झाले नाहीत, तर वृद्धाश्रमातलं काम सोडावं लागेल," त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मला स्वच्छ सांगितलं. म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालण्यावाचून मला दुसरं काही येत नाही, आवडतही नाही.

आम्हा नर्सांची पक्की समजूत, की साबणाने खसाखसा धुतल्याशिवाय हात स्वच्छ कसले? आधी जंतुनाशक, वर साबण, आणि ओल्याच हातांवर हातमोजे. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या होत्या.

कार्निव्हलमधल्या बायकांच्या गुरुवारीच हातांची काळजी शिकवायला टीलमनसाहेब आले. त्या दिवशी आमच्या ऱ्हाइनकाठी बायकांचं राज्य, आणि हा भला माणूस टाय लावून! समुद्री चाच्याच्या वेशातल्या, आमच्या आश्रमातल्या नव्वदीच्या क्युपर्सबाईंनी त्या दिवसाच्या रिवाजाप्रमाणे दारातच टायवर कात्री चालवली.

बिचाऱ्यांनी अर्ध्या टायनिशी दिव्याची पेटी मांडली. चमकणारं मलम चोळून हात निळ्या दिव्याखाली धरायचे. राहिलेली जागा काळी दिसते. माझी बेचकी, अंगठे, मनगटं काळी ठिक्कर!

"अगं हाइके, माझी पाठ कशी छान चोळतेस, आणि स्वतःच्या हातांना मलम मात्र पोस्टाचं तिकीट चिकटवल्यासारखं?" क्युपर्सबाई कडाडल्या.

"घाई असते हो."

"कसली घाई? आम्ही कुठे पळून चाललोय?"

मग कुणीतरी पडदे ओढले आणि सगळी मंडळी मलमावर तुटून पडली. नाकं चमकली, हनुवट्या चमकल्या, लेनार्ट्झआजोबांचं टक्कल तर चंद्रासारखं उगवलं. "अहो, ते शिकवायचं मलम आहे!" टीलमनसाहेब ओरडत होते. ऐकतो कोण! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

क्युपर्सबाईंनी वॉकर आपटला. "हुकूम! साहेब शिकवतायत तसंच करायचं. हाताला घाण दिसत नसेल तर साबण बंद, जंतुनाशक पुरे. हात कोरडे झाल्यावरच मोजे. आणि मलम नीट चोळून दाखवेपर्यंत हिला कुणी अंगाला हात लावू द्यायचा नाही!"

बायकांचं राज्य खरं एका दिवसाचं. पण कार्निव्हल संपवणारा राखेचा बुधवार उलटला तरी ही मंडळी हटेनात. "हात दाखव!" "बेचकी राहिली!" आंघोळीच्या वेळी लेनार्ट्झआजोबा पायजमा घट्ट धरून बसत. "आधी अंगठे!"

ईस्टरच्या तोंडावर डॉक्टरीणबाईंनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. "राहा कामावर," म्हणाल्या. मी धावतच क्युपर्सबाईंकडे गेले आणि त्यांचे गाल दोन्ही हातांत धरले.

त्यांनी डोळे मिटून घेतले. "हिवाळाभर किसणीसारखे बोचायचे गं तुझे हात. पण बोलले असते, तर तू गालालाही मोजे घालून हात लावला असतास."