असंच

"दिवस कासराभर राहिला का येतो," म्हणून दादाराव चपला शोधायला लागले, की मैत्रीचं डोकं फिरायचं.

"म्हणजे किती वाजता, बाबा?"

"सूर्याच्या मनगटाले घड्याळ बांधू का व आता? बैलाच्या दोराएवढा दिवस वर दिसला, का म्हातारा वापस निंगाला म्हन."

वाशीमच्या काळ्या मातीतला हा माणूस. बायको गेली आणि लेकीनं त्यांना दिल्लीत मयूर विहारला, आठव्या मजल्यावर आणून ठेवलं. सहा महिने खिडकीतून यमुनाकाठची शेतं बघत बसले. मग एक दिवस सरळ खाली उतरले आणि तिथं शेती करणाऱ्या हरपालच्या खाटेवर जाऊन टेकले. एकाची हिंदी बदायूंची, दुसऱ्याची वऱ्हाडातली. पण म्हैस आणि माती दोघांना सारखीच कळायची.

गावची रीत अशी, की आलेल्यानं आधी बसायचं. पाणी, पाऊस, ढोरं, कोणाची पोरगी कुठे दिली, सगळं निघतं. उठून उंबऱ्याशी गेला, की मग माणूस म्हणतो, "बरं, एक सांगाचं होतं." खरी गोष्ट तिथं सुटते. मैत्रीच्या ऑफिसात मुद्दा पहिल्याच वाक्यात लागायचा. अर्ध्या तासाची मीटिंग संपली, की दुसरी हजर.

एका गुरुवारी ती घरूनच काम करत होती. दोन मीटिंगांच्या फटीत दादाराव तिच्या खोलीत आले आणि पलंगाच्या कडेला बसले.

"काही काम होतं का, बाबा?"

"काई काम नाई व. असंच." मग म्हणाले, "हरपालची म्हैस व्याली."

"हं."

"पारडी झाली. कपाळावर चांदनी हाय."

"बाबा, मुद्दा सांगा ना. सातच मिनिटं आहेत."

तेवढ्यात तिच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं.

"काय म्हनते ते?"

"श्वास घ्या म्हणतंय."

"मंग घे ना बाप्पा! बापाचं नाई, त घड्याळाचं तरी आयक!"

मैत्रीला हसू आलं. म्हातारा खूश झाला आणि उठला. दारापाशी जाऊन वळला.

"बरं मैत्री, एक सांगाचं..."

लॅपटॉप वाजला. तिनं पंजा वर केला. "पाच मिनिटं, बाबा."

"बरं. येतो."

ती पाच मिनिटं रात्रीपर्यंत लांबली. जेवताना ती विसरली. त्यांनीही काढलं नाही. उंबऱ्यावरची गोष्ट ताटावर काढायची नसते. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत दादाराव झोपेतच गेले.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले. ते राहिलेलं वाक्य मात्र घरात फिरत राहिलं. तिनं त्यांची पिशवी उचकली, डायरी चाळली, गावाकडे भावाला विचारलं. प्रफुल्ल म्हणाला, "मले काई नाई बोलले, ताई."

शेवटी ती खाली उतरून हरपालच्या शेतावर गेली.

"बाबा मुझे कुछ बताने वाले थे. आपको पता है?"

"बैठो, बिटिया."

चहा आला. पारडीची चांदणी दाखवून झाली. मग मागच्या पुरात वाहून गेलेली मोटर, सुनेचं माहेर, नीलगायींचा त्रास. मनगट दोनदा थरथरलं. मैत्रीनं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि विचारलं, "फिर? मोटर मिली?"

हरपालला हुरूप आला. मोटरीची कथा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

दिवस कलला तशी ती उठली. बांधापर्यंत आली, तेव्हा मागून हाक आली.

"अरे हाँ बिटिया, वो बात."

त्यानं कोपऱ्याकडे बोट केलं. चार हात जागेत लाल देठांची अंबाडी उभी होती. दिल्लीच्या बाजारात मिळत नाही म्हणून मैत्री दोन वर्षं कुरकुरत होती, ती.

"बीज गाँव से लाए थे. बोले, इतवार को बिटिया को लाऊँगा. मैंने पूछा, तुड़वाने? बोले, नहीं रे. बस, बैठेगी थोड़ी देर."

मैत्रीनं सूर्याकडे पाहिलं. बैलाच्या दोराएवढा वर होता.

ती तिथंच मातीत टेकली. बराच वेळ गेला. हरपालनं लांबूनच हाक दिली, "कुछ काम था, बिटिया?"

तिनं मान हलवली. मग अंबाडीकडे बघत, शाळेत हसतील म्हणून लहानपणीच सोडलेल्या बोलीत, मोठ्यानं म्हणाली,

"काई काम नाई, बाबा. असंच बसाले आली तुमच्यापाशी."