भासऱ्यासमोरची साक्ष

या मायबापहो, जरा पुढं सरका. टाळ खाली ठेवा, मांडी घाला. आज पुराणातली नाही, कोर्टातली गोष्ट सांगतो. देव तिच्यात कुठं उभा होता, ते ऐकता ऐकता तुमचं तुम्हालाच दिसेल.

"बाई, घर कोणी बांधलं?" समोरच्या पक्षाच्या वकिलानं पुन्हा विचारलं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या रूपानं डोईवरचा पदर आणखी पुढं ओढला, भिंतीकडं तोंड केलं आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोला. इकडं बघून बोला," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

रूपा आणखीच वळली. न्यायाधीशबाई काही वाईट नव्हत्या. दूर किनारपट्टीकडून बदली होऊन आलेल्या, आणि सकाळपासून ऐकून ऐकून त्यांचेही कान शिणले होते. त्यांनी शेजारच्या टायपिस्टला सांगितलं, "साक्षीदार उत्तर टाळते, असं घ्या. उरलेला उलटतपास पुढच्या तारखेला."

मागच्या बाकावर प्राध्यापक घनश्याम कापगते बसले होते. शिकवायचे नागपूरला, पण मूळचे लाखनीकडचे. न्यायाधीश निकाल कसे देतात, हा त्यांचा अभ्यास. आणि तो पुस्तकांतून नव्हे, कोर्टाच्या बाकावर बसून. कोण काय बोललं, साहेबांनी कशावर मान हलवली, कशाला कंटाळले आणि शेवटी निकालात काय उतरलं, हे ते वर्षानुवर्षं टिपत आले होते. डोळे अधू झाले होते, कंबर गेली होती. विद्यार्थ्यांना सांगत, "पाहणाऱ्यानं भिंत व्हावं. भिंत बोलली की अभ्यास बुडाला."

त्या अभ्यासात एक काटा त्यांना सलत होता. सासरच्यांवर दावा लावणाऱ्या बायका, सासरा किंवा भासरा समोर येऊन बसला की बहुतेक हरत. कायदा तोच, कागद तसेच, मग हे असं का? भीती असेल, असं त्यांनी धरलं होतं. आज समोर बसलेल्या भासऱ्यापुढं रूपाची वळलेली मान पाहिली आणि त्यांना आपली माय आठवली. भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, अंगणात आला की माय अशीच भिंतीकडं वळायची. त्याच्यापुढं लहान्याच्या बायकोनं तोंड दाखवायचं नाही, आवाज काढायचा नाही. ती भीती नव्हती, मान होता. घरातला तोच मान कोर्टात लबाडी दिसत होता. न्यायाधीशबाईंच्या मुलखात ही रीत नव्हती, आणि इथल्या लोकांच्या ती इतकी अंगवळणी पडलेली की कोणाला दिसतच नव्हती.

बाहेर व्हरांड्यात रूपा आपल्या वकिलापुढं, भुपेंद्रपुढं, उभी होती.

"मले येते ना सांगता! त्याईनं, माया नवऱ्यानं, बांधलं घर. मी तलावाचं पानी वाह्यलं, विटा देल्ल्या हातात. पन भासरेजी समोर बसले का जीभच उचलत नाही."

"अवं, ते प्रतिवादी आहेत. त्यांना बसायचा हक्क आहे," भुपेंद्र वैतागून म्हणाला. "पुढच्या तारखेले बी मुकी राह्यलीस तं घर गेलं समज."

"मंग जाऊ कोठं मी? नवरा गेला, माहेरी कोनी नाही."

घनश्याम ऐकून न ऐकल्यासारखे पुढं गेले. भिंत ना ते! पण नागपूरला परतणारी एसटी कारध्याच्या पुलावर आली तरी रूपाचं ते "जाऊ कोठं" कानातून जाईना. चालू खटल्यात न्यायाधीशांशी बोलता येत नाही. आणि दुसऱ्या कोणाशी बोलावं, तर त्या कोर्टातली आजवरची सगळी टिपणं अभ्यासातून काढावी लागणार. पाहणाऱ्यानं हात घातला की पाहिलेलं बाटलं.

पुढच्या तारखेला ते लवकर पोचले. रूपाचा भासरा, तुलाराम, फाटकाजवळच्या टपरीवर बसला होता. गावच्या भजनी मंडळात टाळ धरणारा म्हातारा.

"तुमी ते मांगं बसून लिवनारे सर ना जी? पोट्टे तुमाले सीआयडी म्हन्तेत."

घनश्याम हसले, शेजारी टेकले. शहराची भाषा आपोआप गळून पडली. "तुलारामजी, एक सांगतो, राग नका मानजा. तुमी समोर असले का तुमच्या लहान्या भावाची बायको बोलत नाही. तुमचा मान ठेवते. पन साहेबबाईले वाटते, खोटी हाये."

तुलारामनं हातातली कपबशी बाकावर ठेवली.

"माया वकील म्हन्ते, अगदी समोर बसा, हलू नका. काहून म्हन्ते, ते आता समजलं."

"तुमी उठले तं हराल बी."

"जागा माया बापाची हाये, सर. घर मायं हाये असं मायं म्हननं. तिचं म्हननं तिच्यापाशी." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "पन कीर्तनात बुवा उभे राह्यले का आपन पाय आवरून घेतो. मंग ते गोड गाओत का बेसूर. जागा तं द्या लागते ना जी?"

पुकारा झाला. तुलाराम नेहमीच्या जागी जाऊन बसला. रूपा पिंजऱ्यात चढली आणि पदर ओढून भिंतीकडं वळली. तेवढ्यात तो उठला.

त्याच्या वकिलानं बाही धरली. "कुठं चालले?"

"च्या पेतो."

"आत्ता?"

"हव, आत्ताच."

चपलांचा आवाज दाराबाहेर विरेपर्यंत रूपा थांबली. मग वळली. न्यायाधीशबाईंना तिचा चेहरा पहिल्यांदाच दिसला. घर कोणी बांधलं, हे तिनं पायापासून छपराच्या कवेलूपर्यंत सांगितलं.

पुढं निकाल लागला, घर रूपाला मिळालं. घनश्यामांनी त्या कोर्टातली सगळी टिपणं अभ्यासातून काढली. उरलं ते लंगडंच. "निष्कर्ष बरा आहे, पण पुरावा तोकडा," असं जाणत्यांनी कळवलं. ते भांडले नाहीत. दुसऱ्या तालुक्याच्या कोर्टात, मागच्या बाकावर, पुन्हा पहिल्यापासून जाऊन बसले.

पण मला सांगायची होती ती त्या दुपारची गोष्ट. घनश्याम बाहेर आले तेव्हा तुलाराम टपरीवरच होता. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"बोलली का जी ते?"

"बोलली."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. खाली पाहत म्हणाला, "लगन होऊन आली तवापासून आवाज आयकला नाही तिचा. कसा हाये, सर?"

घनश्याम त्याच्या शेजारी बसले. "चांगला हाये," ते म्हणाले, "साफ हाये."

तुलारामनं साय बोटानं बाजूला केली आणि तो गार चहा पिऊन टाकला.

मायबापहो, देवाचं नाव तर आपण रोजच घेतो. आज घरी जाताना त्याच्या जोडीला या तुलारामाचीही एकदा आठवण काढा.