मडगार्डवरचा हात

जुईनगरच्या मैदानात भीमजयंतीचा रथ सजत होता. रथ म्हणजे मंडळाने लष्कराच्या लिलावातून आणलेला जुना डिझेल ट्रक. त्याच्या इंजिनात काहीतरी बिनसलंय, हे त्या एवढ्या गर्दीत फक्त संघमित्राला कळलं होतं. काय बिनसलंय ते मात्र तिलाही सापडत नव्हतं.

चालक अंकुशने सकाळी गाडी चालू केली, तेव्हाच तिने कान टवकारले होते. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिनाचा आवाज हळूच वर चढायचा, क्षणभर थांबायचा आणि खाली यायचा. झोपेतल्या माणसाने मध्येच मोठा श्वास ओढावा तसा. महाप्याच्या कंपनीत डिझेल जनरेटर दुरुस्त करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, असला आवाज तिच्या कानातून निसटणं शक्यच नव्हतं. तिने आबांकडे पाहिलं.

आबा म्हणजे तिचे वडील, पोपटराव. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये अशाच गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि डिझेल फवारणारा कुठला नोझल मार खातोय ते सांगून मोकळं व्हायचं, ही त्यांची पद्धत. बघायला माणसं जमायची. आजही जमली. आबांनी मूठ कानाशी नेली, डोळे मिटले आणि "फर्स्ट क्लास! घेऊन जा मिरवणुकीला," म्हणत ते उठले.

नेमकं त्याच वेळी इंजिन पुन्हा वर चढलं होतं.

टीव्हीचा मोठा आवाज, तीन हाकांनंतर मिळणारी ओ, "आबा हवं तेवढंच ऐकतात" ही घरातली रोजची चेष्टा, सगळं एकदम संघमित्राच्या डोळ्यांसमोर आलं. आबांना ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर ज्या इंजिनांना कान लावले, त्यांनीच ते कान खाल्ले होते, आणि हा हट्टी म्हातारा लोकांसमोर कान लावण्याचं नाटक करत होता!

"आबा, परत एकदा बघू या का?" तिने हळूच विचारलं.

आबा तिच्या ओठांकडे बघत होते. "बघितलं ना एकदा!"

"अगं ताई, काकांनी पास केली म्हणजे पास!" मंडळाचा अध्यक्ष धम्मपाल हसला. "टेन्शन नको घेऊ. जयंती हाय आज."

सगळे हसले. आता चारचौघांत काय सांगायचं? माझ्या बापाला ऐकू येत नाही, म्हणून? ज्या माणसाला वस्ती आजही उठून जय भीम करते, त्याची अब्रू तिने आपल्या तोंडाने घालवायची? तिने गुपचूप पाना घेतला आणि स्वतःच शोधायला बसली. डिझेल पंप बघितला, फिल्टर बघितला, इंजिन बंद करायची स्टॉपची केबल ओढून बघितली. सगळं ठीक होतं. इंजिन ऑइलची पातळी मोजायची काडी तेवढी तिने काढली नाही. ऑइल आबांनी गेल्याच आठवड्यात स्वतः बदललं होतं, आणि आबांनी भरलेल्या ऑइलची काडी तपासणं म्हणजे त्यांच्या घरात उद्धटपणाच.

दुपार कलली. रथावर निळे झेंडे चढले, बॉनेटपासून टपावरून हौद्यापर्यंत प्लायवुडची मोठी कमान ठोकली गेली. मागच्या हौद्यात पांढऱ्या कपड्यांतली मुलं बसवली, त्यांत संघमित्राची सहा वर्षांची सोनमही होती. ती नेमकी पुढच्या टोकाला कमानीला धरून उभी होती, आईकडे बघून हात हलवत होती. संघमित्रानेही हात हलवला.

लहानपणी आबा एक गोष्ट सांगायचे. "सुटलं" एवढंच म्हणायचे ते. डिझेल इंजिन सुटलं की कुणाचं ऐकत नाही, किल्ली काढा, डिझेल तोडा, ते पळतच राहतं, पळता पळता फुटतं. त्यांच्या वर्कशॉपमध्ये असं एक फुटलं होतं, आणि लोखंडाचा तुकडा फळी फोडून एका जवानाच्या मांडीत शिरला होता. संघमित्राला भुताखेतांची कधी भीती वाटली नाही, पण या गोष्टीने तिची झोप उडायची.

पाणी प्यायला ती सरबताच्या टेबलाकडे गेली. टेबलाखाली ऑइलच्या रिकाम्या बाटल्यांची रांग होती. प्रत्येक बाटलीला झेंडूचं एकेक फूल चिकटवलेलं.

"हे काय रे?"

"आयडिया आपली!" धम्मपाल फुशारकीने म्हणाला. "या वर्षी हार-तुऱ्यांवर खर्च नाय. रथ आपल्या सगळ्यांचा, तर प्रत्येक घरानं ऑइलची एक बाटली आणायची, आपल्या हातानं ओतायची. काल संध्याकाळी केला कार्यक्रम. बायामाणसांनीपन ओतलं, फोटोबिटो काढले."

"इंजिनात ओतलं? सगळ्यांनी?"

"मग? श्रद्धेनं ओतलं, ताई."

संघमित्राच्या हातातला पेला गळून पडला. आधीच काठोकाठ भरलेल्या इंजिनात श्रद्धेने आणखी ऑइल! उरलेलं ऑइल जाणार कुठे? हवेच्या नळीतून आत ओढलं जाणार, डिझेलसारखं पेटणार. सकाळपासून इंजिन मध्येच मोठा श्वास घेत होतं ते यामुळे. ते आपलंच ऑइल प्यायला लागलं होतं.

ती ओरडली, पण तेवढ्यात अंकुशने इंजिन चालू केलं होतं आणि डीजेही सुरू झाला होता. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. मागून निळसर पांढरा धूर उठला, मुलं आनंदाने ओरडली, त्यांना वाटलं हीसुद्धा मिरवणुकीतलीच गंमत. धूर दाट झाला. आता डीजेच्या वर इंजिनाची किंकाळी चढली आणि गर्दी फुटली.

"ताई, बंद होत नाय!" अंकुश खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. "स्टॉप खेचून धरलाय! गिअरात टाकून, ब्रेक दाबून मारू का?"

"नको! पुढं पोरी आहेत!" ट्रकसमोर लेझीमच्या मुली खिळल्यागत उभ्या होत्या.

धम्मपाल आणि बाकीचे मुलांना खाली ओढू लागले. सोनम निघेना. तिने कमानीला मिठी मारली होती, डोळे मिटून घेतले होते, आणि ती उभी होती ती बरोबर इंजिनाच्या पाठीशी. संघमित्राचा एक पाय हौद्याकडे वळला. मग तिला कळलं, की वर चढून, मिठी सोडवून, खाली येईपर्यंत हे इंजिन फुटलेलं असेल. आई म्हणून तिने त्या क्षणी जे केलं ते तिला नंतर आठवलं तरी अंगावर काटा यायचा. तिने पोरीकडे पाठ फिरवली.

हवा तोडायची, एवढा एकच उपाय होता. सरबताच्या पिंपाचं जाड झाकण तिने उचललं, बर्फाच्या लादीवरचं ओलं गोणपाट ओढलं आणि धावली. बॉनेटवर तर कमान ठोकलेली! पण तिथे आबा आधीच पोचले होते. तसे ते मघापासून तिथेच होते, एक हात मडगार्डवर ठेवून. डीजेपुढे सगळंच मैदान बहिरं झालं असताना इंजिन सुटल्याचं पहिल्यांदा त्यांच्या तळहाताला कळलं होतं. नुसत्या हातांनी ते प्लायवुड उचकटत होते, नखांतून रक्त येत होतं. फळी निघाली. आबांनी बॉनेट उचललं, खांद्यावर तोललं, दुसऱ्या हाताने एअर फिल्टरची क्लिप उडवून नळीचं तोंड मोकळं केलं आणि तिच्याकडे पाहिलं.

ते तोंड गर्जत हवा ओढत होतं. संघमित्राने गोणपाट झाकणाला गुंडाळून त्यावर दाबलं. इंजिनाने ते असं खेचलं की तिची बोटं आत जातील असं वाटलं. ती छातीने रेलली. फुटणार असेल तर आता फुटेल, माझ्या छातीवर फुटू दे, वर नको, वर पोर आहे, एवढंच तिच्या मनात होतं.

इंजिन गुदमरलं. दोन आचके दिले, आख्खा ट्रक हलला, आणि ते गप्प झालं.

डीजेही कुणीतरी बंद केला होता. धम्मपालने सोनमला कडेवर घेऊन आणलं, ती आईच्या मानेला बिलगली तेव्हा कुठे संघमित्राला रडू फुटलं. धम्मपाल मान खाली घालून उभा होता.

आबांचा हात अजून मडगार्डवरच होता. पार कोपरापर्यंत थरथरत होता.

"संघमित्रा," ते सगळ्यांदेखत, गरजेपेक्षा फार मोठ्याने म्हणाले, "थांबलं का गं? हाताला अजून लागतंय."

मैदानातल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. संघमित्राने डोळे पुसले, तो हात मडगार्डवरून उचलून आपल्या हातात घेतला आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "थांबलं, आबा. हा तुमचा हात हलतोय."