अष्टमीतला बेचाळिसावा सुक्का

अष्टमी गावच्या रिबकाबाईंना जगात कोणाचंच काम पसंत पडत नसे, आणि त्या दुपारी त्यांच्या अंगणात नापसंत करण्यासारखी दोन माणसं एकदम हजर होती. एक दत्ता, जो बांबू पुरत होता. दुसरा नणंदेचा मुलगा आशेर, जो टेप घेऊन नुसता मोजत होता.

संध्याकाळी सुक्कोथ लागणार होता. वाडवडील रानात झोपड्यांत राहिले, त्याची आठवण म्हणून आठवडाभर अंगणात पाल्याच्या छपराखाली जेवायचं, असा हा यहुद्यांचा सण. त्या मांडवाला म्हणायचं सुक्का. एक्केचाळीस वर्षं तो रिबकाबाईंचे यजमान हनोख घालत आले. हनोखचे तिन्ही भाऊ इस्रायलला गेले. हे मात्र धाटावच्या कंपनीत शिफ्टा करत इथेच राहिले. का, तर म्हणे अष्टमीत एक तरी सुक्का उभा राहिला पाहिजे. चार बांबूंसाठी कोणी विमानाचं तिकीट सोडतं का! बाईंनी हे त्यांना आयुष्यभर ऐकवलं. पण फेब्रुवारीत हनोख वारले, आणि सण जवळ आला तसं बाईंनी दत्ताला मुकाट्याने बांबू आणायला सांगितलं.

आशेर ठाण्याहून आला होता. सहा महिने कुठल्याशा वर्गात धर्मशास्त्र शिकला होता आणि ते त्याच्या पोटात राहत नव्हतं. सुक्क्यावर उघडं आभाळच हवं आणि इथे आंब्याची फांदी वर येते म्हणून त्याने सकाळीच मांडव चार हात सरकवायला लावला. भिंती म्हणून लावलेल्या चादरी वाऱ्याने हलतात म्हणून त्या पुन्हा ताणून बांधायला लावल्या. दत्ताने निमूटपणे बांधल्या. त्याला दिवसाची मजुरी मिळणारच होती.

"मामी, आत उन्हापेक्षा सावली जास्त पाहिजे हां."

"तुझं डोकं धर मध्ये. पडेल सावली."

मग दत्ताने वर शिंदीच्या पानांच्या चटया अंथरल्या, आणि आशेरचा चेहराच उतरला.

"मामी, ह्या नाही चालणार. छपराला पाला चालतो, फांद्या चालतात. निजायची वस्तू नाही चालत."

"तुझ्या जन्माआधीपासून ह्याच घालतोय आम्ही. दर वर्षी नव्या, हौसाच्या हातच्या."

"दर वर्षी?" आशेर जरा चाचरला. "मग मामाचा सुक्का... म्हणजे तो झालाच नाही म्हणायचा. एकाही वर्षी."

हनोखची टर उडवण्यात रिबकाबाई कधी कमी पडल्या नव्हत्या. पण ती त्यांनी उडवायची, ह्या टेपवाल्या दीडशहाण्याने नव्हे. त्या काहीतरी झणझणीत बोलणार होत्या, पण तेवढ्यात त्यांच्या मनात हिशेब झाला. ज्या एका गोष्टीसाठी माणसाने सख्खे भाऊ सोडले, ती एक्केचाळीस वेळा फुकट?

"तुझ्या त्या हझानांना लाव फोन," त्या म्हणाल्या.

हझान म्हणजे प्रार्थना चालवणारे. ठाण्याच्या हझानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "चटई सावलीसाठी विणली असेल तर चालते. निजायला विणली असेल तर नाही. विणणारीच्या मनात काय होतं, त्यावर आहे. तिलाच विचारा."

तिलाच विचारा! हौसाला! नदीकडच्या कातकरवाडीतली ही बाई. तिला रिबकाबाईंनी कधी पायरीच्या वर येऊ दिलं नव्हतं आणि तिच्या चटईचा एक तरी काठ वाकडा आहे असं म्हटल्याशिवाय कधी सोडलं नव्हतं. आता म्हणे हिच्या मनात काय होतं ते बघायचं. तरी बाई रिक्षात बसल्या.

हौसा ओट्यावर शेंगा सोलत होती. ती उठली नाही.

"हौसा, तुझ्या चटया तू कशासाठी विणतेस?"

"हे इचारायला इथवर आलीस बाय?"

"सांग की. ह्यांना द्यायचीस त्या. निजायला की सावलीला?"

"सायबाच्या ना? सावलीच्या त्या." हौसाने शेंगा बाजूला ठेवल्या. "सायेब पावसाळा सरला का यायचा. हितंच बसायचा, च्या प्यायचा. म्हनायचा, हौसा, ह्याच्यावर कोनी बसायचं नाय, निजायचं नाय. विनताना मनात सावलीच धर. मी हाताखाली पोरांनाबी फिरकू देत नव्हते."

रिबकाबाईंच्या जिवात जीव आला. एक्केचाळीस वर्षं हा माणूस एवढ्याशा चटयांसाठी इतकं चालत का जातो, म्हणून त्यांनी केवढी नाकं मुरडली होती.

"मला कधी बोलले नाहीत," त्या म्हणाल्या.

"मी म्हनलेलं येकदा, सायबा, बायलाच धाड की सांगायला. तर म्हनला, नको, ती हसते."

रिबकाबाई ओट्याच्या कडेला टेकल्या. त्यांना बस असं कोणी म्हटलं नव्हतं.

"आणि ह्या वर्षीच्या?"

"ह्या वर्सी तू दत्ताकडनं निरोप धाडलास, आठ चटया दे, लवकर दे. बाकी काय बोलली नायस. मला वाटलं, सायेब गेला, आता मांडव कोन घालतो. पाव्हनं येनार असतील." हौसा सरळ त्यांच्याकडे बघत होती. "निजायलाच विनल्या बाय. चांगल्या मऊ विनल्या."

परतताना रिक्षात बाईंच्या मनात आलं, आशेरला काय कळतंय? सावलीच्या आहेत म्हणायचं, की मिटलं. हौसा काही सांगायला येत नाही. हझान ठाण्यात. ऊन उतरायला लागलेलं, आणि त्या टेपवाल्यासमोर खाली मान घालायची त्यांना आयुष्यात सवय नव्हती.

आशेर फाटकातच उभा होता. "काय म्हणाली?"

"दत्ता, चटया उतरव. मागच्या माडाच्या झावळ्या तोड आणि त्या घाल वर."

आशेरचा आवाज खाली आला. "म्हणजे मामाचे सगळे सुक्के..."

"ह्यांचे सगळे बरोबर होते," रिबकाबाई म्हणाल्या. "एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. चुकलेला हा एकच आहे, आणि तो मी घातलाय."