न सुटणारं कोडं

वकील आणि प्राध्यापक एकमेकांचे साडू. बायका सख्ख्या बहिणी, पण मेहुण्याच्या लग्नातल्या फोटोत वकील मधोमध बसले आणि प्राध्यापक खांबाआड गेले, तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता.

केस कापायला मात्र दोघं एकाच ठिकाणी जात, कारण गल्लीत सलून एकच. मालकाला सगळे ‘कात्री’ म्हणत. त्याचा हात आणि जीभ एकाच वेगाने चालायची. गिऱ्हाईक कंटाळू नये म्हणून त्याने एका रविवारी पेपरातलं बुद्धिबळाचं कोडं बाकासमोर पटावर मांडलं. काळा काहीही करो, पांढऱ्याने तीन चालींत मात द्यायची.

त्या दिवशी साडू बाकाच्या दोन टोकांना होते. हत्तीने शह दिला की संपलं, असं वकील स्वतःशीच पुटपुटले. प्राध्यापकांना चुकीचं ऐकवेना, आणि बोलायची तर सोय नाही.

"त्यांना सांग, राजा बाजूला सरकतो," ते कात्रीला म्हणाले.

कात्रीने तो निरोप दोन हातांवर पोचवला. वकिलांनी उलट निरोप दिला. असं बराच वेळ चाललं आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर ताटकळलं, तेव्हा आपण न्हावी आहोत, पोस्टमन नाही, असं कात्रीने दोघांना सुनावलं. मग नाइलाजाने ते थेट बोलू लागले.

कोडं काही सुटेना, तेव्हा पुढे केस वाढायचीही वाट न बघता दोघं येऊ लागले. वकिलांची मान धरली तर प्राध्यापकांनी घरून बाम आणला. बहिणींना आभाळ ठेंगणं झालं.

आणि एके दिवशी वकील वैतागून म्हणाले, "आता काय, वजीरच मरू द्या!"

प्राध्यापक पटावर वाकले. त्यांनी वजीर नेऊन राजाला भिडवला. त्याला मारण्यावाचून राजाला गत्यंतरच नव्हतं. मग घोड्याचा शह. राजा कोपऱ्यात. हत्ती सरळ शेवटच्या ओळीत. मात.

दोघांनी कडकडून हात मिळवले. कोडं सोडवलं कुणी, असं कात्रीने सहज विचारलं.

"मी," दोघं एकदम म्हणाले.

वजिराची कल्पना आपली, असं वकिलांचं म्हणणं. वैताग म्हणजे कल्पना नव्हे, असं प्राध्यापकांचं. वकिलांनी कात्रीला साक्षीला बोलावलं, पण कात्री तेव्हा कुणाच्या तरी मिशा सारख्या करण्यात गुंतला होता. दोघं तरातरा निघून गेले, एक डावीकडे, एक उजवीकडे.

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी सलूनच्या पायरीशी आल्या. थोरलीने नवं कोडं मागितलं, जरा अवघड. धाकटीने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला.

"न सुटणारं मिळेल का?"

कात्रीने पेपरातलं ताजं कोडं मांडलं, मान तिरकी करून बघितलं, आणि एक पांढरं प्यादं हळूच खिशात टाकलं.

रविवारी साडू आले. एकमेकांकडे पाठ करून बसले, पण माना पटाकडे वळल्याच.

"राजा निसटतो," प्राध्यापक भिंतीला म्हणाले.

"निसटून जाईल कुठे?" म्हणत वकील बाकावर जरासे अलीकडे सरकले.