पहिल्या प्रतीचा कापूस

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी चुडामणभाऊंचा चष्मा सुटला. लोकांना त्या वयात लागतो, यांचा सुटला. पंचेचाळिशीपासून चष्म्याशिवाय अक्षर न दिसणारा माणूस एके सकाळी उघड्या डोळ्यांनी पेपर वाचायला लागला, तेव्हा त्यांच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, शेजारच्या चार घरी जाऊन ते सांगितलं. भाऊंनी स्वतः कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून एसटीच्या तिकिटावरचे बारीक आकडे ते मोठ्याने वाचून दाखवू लागले. लांबचं जरा पुसट दिसायचं, संध्याकाळी तर जास्तच. त्याचा दोष त्यांनी बैलगाड्यांनी उडणाऱ्या फुफाट्याला दिला.

भाऊ कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. दिवाळीनंतर केंद्रासमोर मैलभर गाड्यांची रांग लागायची. भाऊ गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून तळातली एक मूठ काढायचे, तळहातावर पसरायचे, दोन अंगठ्यांमध्ये धागा ओढून त्याची लांबी बघायचे, खिशातलं पितळी घडीचं भिंग काढून कचरा तपासायचे, आणि सगळ्यात शेवटी कापसाचा रंग बघायचे. मग एक शब्द उच्चारायचे. पांढराशुभ्र असेल तर पहिली प्रत, जरा मळका असेल तर दुसरी, पिवळट असेल तर तिसरी. अगदीच डागाळलेला असेल तर कवडी, म्हणजे रद्दीच. त्या एका शब्दापुढे अपील नव्हतं. लोकांनी त्यांच्या घरी केळीचे घड पाठवून बघितले, एकाने तर बोकड आणून अंगणात बांधला. बोकड ज्या दोरीने आला त्याच दोरीने परत गेला. भाऊ सचोटीचे होते यात शंका नाही. फक्त त्या सचोटीचं सगळ्यात जास्त कौतुक त्यांना स्वतःलाच होतं.

पंच्याऐंशीच्या हंगामात गाडीमागून गाडी पिवळट येऊ लागली. भाऊ रोज संध्याकाळी मान हलवत म्हणायचे, की यंदा परतीच्या पावसाने बोंडं भिजवली, कापूस बाटला. केंद्रावरचा हमाल मगन एकदा न राहवून बोलला, "भाऊ, मले ते पांढराच दिसस."

"प्रत तू ठरवतोस का मी? पोतं उचल," भाऊ म्हणाले.

मगनने पोतं उचललं. भाऊंना ते बोलणं दुसऱ्या दिवशी आठवलंही नाही.

डिसेंबरात भागाबाईंची गाडी आली. भागाबाई भाऊंची थोरली बहीण, पारोळ्याच्या अलीकडे सावखेड्याला दिलेली. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि ती सुनेला हाताशी धरून शेत बघत होती. आईवडील कधीच गेलेले, तेव्हा भाऊंचं घर हेच तिचं माहेर. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती चार दिवस यायची, अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर पोरींच्या वरताण गाणी म्हणायची आणि जाताना भावाच्या डोक्यावरून हात फिरवून जायची. कापूस वेचण्यात तिचा हात धरणारी त्या शिवारात बाई नव्हती. दव सुकल्यावर शेतात उतरायची, बोंडातून कापूस असा सोडवायची की पानाचा चुरा म्हणून लागायचा नाही, आणि ओटीत वेगळा, गाठोड्यात वेगळा असा निवडत यायची.

भाऊंनी मूठ काढली. धागा लांब होता, कचरा जवळजवळ नव्हता. रंग मात्र पिवळट. त्यांनी भिंग लावून बघितलं, उन्हात जाऊन बघितलं, परत सावलीत येऊन बघितलं. रांगेतले शेतकरी माना उंच करून बघत होते: ग्रेडर सख्ख्या बहिणीला काय देतो? ते भाऊंनाही माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या बघण्याची त्यांना थोडी गोडीच वाटली.

"तिसरी," भाऊ म्हणाले.

"नीट देख ना भाऊ," भागाबाई म्हणाली. "एक एक बोंड मी मन्हा हाते येचेल शे. पिवया कोठे शे?"

"भागाअक्का, इथं मी तुझा भाऊ नाही."

"मंग कोठे शे रे?"

रांगेत कुणीतरी म्हणालं, याला म्हणतात माणूस! भाऊंनी हातातली मूठ टेबलावर टाकली आणि पुढच्या गाडीकडे वळले. भागाबाईने टेबलावरची ती मूठ उचलली, पदराच्या टोकाला बांधली आणि गाडीवान वजनकाटा करून येईपर्यंत केंद्राच्या फाटकाबाहेर उन्हात उभी राहिली. गावात तिच्या दिराने सांगितलं, हिचा सख्खा भाऊच म्हणतो हिचा कापूस घाण आहे, आता बोला. त्या आखाजीला ती आली नाही. पुढच्याही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. प्रमिलाबाई दरवर्षी तिच्या वाटच्या सांजोऱ्या डब्यात घालून ठेवायच्या आणि पाच-सहा दिवसांनी शेजारच्या पोरांना वाटून टाकायच्या. भाऊ म्हणायचे, येईल राग गेला की. मी काही चुकीचं केलेलं नाही.

अठ्ठ्याऐंशीला भाऊ निवृत्त झाले तोवर डोळ्यांपुढे दाट धुकं आलं होतं. चष्म्याविना दिसणारं पेपरमधलं अक्षरही गेलं. मुलगा जळगावला पाइपच्या कारखान्यात होता. त्याने जानेवारीत तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. आधी उजव्याचं ऑपरेशन ठरलं.

पट्टी निघाली तेव्हा भाऊंना आकार असा दिसलाच नाही. डॉक्टर म्हणजे एक पुसट खांब, खिडकी म्हणजे एक उजळ ठिगळ. पण रंग! नर्सने डोळा पुसायला ट्रेमधून बोळा उचलला आणि भाऊंनी तिचा हातच धरला.

"हे काय आहे?"

"कापूस आहे बाबा. सोडा हात."

इतका पांढरा कापूस भाऊंनी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. त्यांनी बोळा मागून घेतला, हाताने उजवा डोळा झाकला आणि डाव्या, अजून ऑपरेशन न झालेल्या डोळ्याने बघितलं. बोळा पिवळट होता. डावा झाकून उजव्याने बघितलं, पांढरा. पुन्हा डाव्याने, तिसरी प्रत. पलंगावर बसल्या बसल्या त्यांनी हे इतक्या वेळा केलं की डॉक्टर रागावले.

"डॉक्टरसाहेब, कापूस बदलतोय," भाऊ म्हणाले.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. उशाशी ठेवलेलं भाऊंचं पितळी भिंग त्यांनी उचललं आणि खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरलं. भाऊंना पुसट दिसत होतं, म्हणून मुलाने शेजारून सांगितलं: भिंतीवर खिडकीचं छोटंसं चित्र पडलंय, उलटं, गज, बाहेरचं झाड, सगळं उलटं. डॉक्टर म्हणाले, "डोळ्यात असंच भिंग आहे. बाहेरचा उजेड ते गोळा करतं आणि मागच्या पडद्यावर चित्र पाडतं. कॅमेऱ्यात तेच, दुर्बिणीत तेच." मग त्यांनी कुणीतरी आणलेल्या पेढ्याच्या बॉक्सवरचा पिवळा चकचकीत कागद भिंगापुढे धरला. भिंतीवरची खिडकी पिवळी झाली. एवढं भाऊंनाही दिसलं.

"जन्मतः हे आतलं भिंग पाण्यासारखं स्वच्छ असतं. वयाने पिवळं पडतं, कडक होतं. हळूहळू होतं, त्यामुळे माणसाला वाटतं जगच तसं आहे. काहींचा मध्येच वाचायचा चष्मा सुटतो."

"माझा सुटला होता," भाऊ म्हणाले.

"मग तेव्हाच सुरुवात झाली होती. आनंदाची गोष्ट नव्हती ती. हातातलं भिंग तुम्ही रोज पुसत असाल, आतलं कसं पुसणार?"

डोळ्यातून काढलेलं ते आतलं भिंग भाऊंनी मागून घेतलं. औषधाच्या छोट्या बाटलीत ते पाण्यात पडलं होतं, तुरीच्या भिजलेल्या डाळीएवढं, गुळाच्या रंगाचं. एवढ्याशा वस्तूतून भाऊंनी दोन-तीन हंगाम गाड्या बघितल्या होत्या. किती गाड्या, ते आठवायला लागले आणि मग त्यांनी आठवणं सोडून दिलं. ती माणसं आता कुठे शोधणार? मगनचं बोलणं मात्र आठवलं, तीन वर्षांनी, शब्दासकट. आणि त्या रात्री डबा घेऊन आलेल्या प्रमिलाबाईंना ते एवढंच म्हणाले, "अक्काचा कापूस पांढरा होता." प्रमिलाबाई म्हणाल्या, "मग जा आणि सांगा तिला." एवढं सोपं होतं ते, आणि एवढंच अवघड.

दीड महिन्याने पक्का चष्मा मिळाला. उजवीकडे सोडावॉटरच्या बाटलीच्या तळासारखी जाड काच, डावीकडे दुधी, कारण दोन डोळ्यांना दोन मापांची चित्रं दिसून माणूस गांगरतो. वस्तू मोठ्या आणि जवळ दिसायच्या. भाऊ कपाला हात घालायचे तो कपाच्या अलीकडेच पडायचा. एकट्याने एसटीत बसायची सवय व्हायला आणखी महिना गेला. आखाजी पंधरा दिवसांवर आली तेव्हा ते बाटली खिशात घालून सावखेड्याला उतरले. अक्का दारात उभं करेल का, हा एकच विचार वाटभर डोक्यात होता.

भागाबाई ओट्यावर बसून वाती वळत होती. चष्म्यातून ती भलतीच मोठी आणि अंगावर आल्यासारखी दिसली. केस पांढरे झाले होते.

"ये भाऊ. कितला उन्हमा उना! आनि हाऊ कसाना चस्मा?" ती म्हणाली. आवाजात राग औषधालाही नव्हता. भाऊंना त्याचीच भीती वाटली.

"अक्का, माफी मांगाले उनू मी."

"माफी मीच मांगनार व्हती," भागाबाई म्हणाली. तिने मांडीवरचं फडकं पुढे केलं. त्यात कापूस होता, सरकी काढून पिंजलेला, अर्धा वाती होऊन संपलेला. "वयखस का? तू टेबलवर टाकेल मूठ. तीन वरीस पेटीमा ठेवेल व्हती. मनमा म्हने, एक दिन तुन्हा तोंडवर मारसू. मागला महिनामा पेटी उघाडी, देखस ते काय, पिवयाच! तू खरा व्हता रे. मी फुकट रागे भरनी, तीन आखाज्या वाया घाल्यात. यंदा येस मी."

भाऊंनी वाकून, कापूस अगदी काचेजवळ धरून बघितला. कापूस पांढरा होता. पेटीत तीन वर्षं राहूनही दवाखान्यातल्या बोळ्याशेजारी ठेवता आला असता. त्यांनी चष्मा वर केला, उजवा डोळा मिटला आणि डाव्या डोळ्याने बघितलं. बहिणीला दिसत होता तोच रंग त्यांना दिसला.

"अक्का, पांढरा शे हाऊ. तवयबी पांढरा व्हता. मन्हा डोया पिवया व्हता, हाई देख." त्यांनी बाटली काढली, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, भिंग, कागद, खिडकी. भागाबाईने बाटली हलवून बघितली आणि परत त्यांच्या हातात दिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"जलममा खोटं बोलना नही तू. सख्खी बहीनकरताबी नही बोलना. आनि आते मले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन बोली ऱ्हायना? राहू दे भाऊ."

आयुष्यभर जपलेली सचोटी भाऊंच्या अशी कामी आली. खरं बोलले तर खोटं ठरत होतं.

"तुन्हा डोया दखाड अक्का. जळगावले चाल मन्हासंगे."

"मन्हा डोयाले काय व्हयनं? आते ते सुईमा दोराबी बिगर चस्माना ओवस मी," भागाबाई अभिमानाने म्हणाली.

भाऊंना डॉक्टरांचं बोलणं आठवलं. तिचाही चष्मा सुटला होता. म्हणजे वर्षा-दोन वर्षांत तिच्याही डोळ्यांपुढे धुकं येणार, आणि तेव्हा ऑपरेशन करावंच लागणार. पट्टी निघाली की तिलाही हा कापूस पांढरा दिसणार. आज मिळालेली बहीण त्या दिवशी पुन्हा फाटकाबाहेर जाऊन उभी राहील. गप्प राहिलं तर? ती वाती वळतच होती. फडक्यातला कापूस आणखी घटकाभरात संपला असता, आणि मग बघायला काही उरलं नसतं. भाऊंना तो मोह झाला. तिची आणखी एक वात वळून झाली.

मग त्यांनी हात घातला. तो नेहमीसारखा अलीकडेच पडला, फडक्याऐवजी तिच्या गुडघ्यावर. दुसऱ्यांदा नीट अंदाज घेऊन त्यांनी उरलेला कापूस उचलला, आपल्या रुमालात बांधला, दोन गाठी मारल्या आणि तिच्या हातात दिला.

"हाई पेटीमा ठेव. वाती करजो नको. तुन्हा डोयानं ऑपरेशन मी करसू, आनि पट्टी निंघनी का पहिले हाई उघाडीसन देखजो."

"आनि मंग?"

"मंग मन्हासंगे बोलानं का नही ते तू ठरावजो."

भागाबाईला त्यातलं काही कळलं नाही. चष्म्याने भावाचं डोकं दुखत असेल असं तिला वाटलं. तिने गाठोडं मांडीवर ठेवलं, पूर्वीसारखा त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.