शून्य फेऱ्या

नव्या रस्त्यांचा आराखडा करायचा, म्हणून प्रत्येक घरातून रोज बाहेर किती फेऱ्या होतात ते मोजायचं काम चाललं होतं. सर्वेक्षणाच्या बाईंनी शिंप्याच्या घराचा फॉर्म पुढे ठेवला आणि कचेरीतले साहेब थबकले.

"तीन माणसं, एक स्कूटर. तक्त्याप्रमाणे सात फेऱ्या हव्यात. तुम्ही चक्क शून्य लिहिलंय? घरी बसून भरलात की काय?"

बाईंना ते फार लागलं. "चला माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता."

बेल वाजताक्षणी दार उघडलं. शिंप्याच्या बायकोचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. आत शिंपी येरझाऱ्या घालत होता.

"परवा मुलगी भांडून गेली," बायको म्हणाली. "मोबाइल, किल्ली, सगळं इथेच टाकून. सगळीकडे फोन केले, पोलिसांत कळवलं. आता ती आली आणि कुलूप दिसलं तर?"

"एकाने तरी शोधायला जायचं," साहेब म्हणाले.

"जिन्यापर्यंत जातो नि परत फिरतो," शिंपी म्हणाला. "भांडली माझ्याशी. मी समोर नसलो तर म्हणेल, बापाला फिकीर नाही."

"आणि यांना असं एकटं सोडून माझा पाय निघत नाही."

"काल हे का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही कितीदा बाहेर गेलात ते विचारलंत. का नाही गेलात, ते कुठे विचारलंत?" बायको म्हणाली.

बाई खुर्ची ओढून बसल्या. "तुम्ही दोघं जा. आम्ही थांबतो. ती आली तर हलू देणार नाही."

स्कूटर गेली. साहेबांनी गुपचूप फॉर्मवर सही केली. मग मात्र त्यांनाच चैन पडेना. जिन्यात पाऊल वाजलं की उठायचे, खिडकीशी जायचे, पुन्हा बसायचे.

तासाभराने एक मुलगी दारात उभी राहिली. "तुम्ही कोण? आई कुठेय?"

"तुलाच शोधायला गेलेत दोघं," बाई म्हणाल्या.

"दोघं?" ती उंबऱ्यातच बसली. "दोन दिवस मी कोपऱ्यावरून बघून परत जात होते. स्कूटर हलतच नव्हती. आज दिसली नाही, तेव्हा वाटलं बाबा दुकानात गेले. आईकडून कपडे घ्यावेत नि निघावं."

"तुझी वाट बघत ते परवापासून दुकानात गेलेच नाहीत गं," बाई म्हणाल्या.

साहेबांनी फॉर्मवरचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. पलीकडे शिंप्याने फोन उचलला. नुसते रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"बाबा," ती म्हणाली, "मी घरी आहे. हळू चालवत या."